गांडूळ आणि ॲक्वापोनिक्स एकत्र: गोव्याच्या पावसात टिकेल अशी मांडणी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरामागे, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला ॲक्वापोनिक्स उभं करायचं ठरवलं आहे. मासे आणि भाजी एकाच पाण्यावर, आणि माशांची विष्ठा जिरवायला वाफ्यात गांडुळं. विकायचं काही नाही. पावसाळ्यात बेळगावहून येणाऱ्या भाजीवरचा भार थोडा उतरावा आणि अधूनमधून घरचा मासा ताटात यावा, एवढाच हेतू. मात्र विकतचं मत्स्यखाद्य आणि चोवीस तास चालणारा पंप या दोन गोष्टींवर मला हे अवलंबून ठेवायचं नाही, आणि माझे सगळे प्रश्न तिथूनच निघतात. कोकण-गोव्याच्या पावसात ज्यांनी हे स्वतः चालवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

मांडणी अशी ठरते आहे. सावलीत १००० लिटरची टाकी, तिच्या शेजारी एकेक चौरस मीटरचे दोन वाफे, ३० सेंटिमीटर खोल, खडीने भरलेले. पाणी वाफ्यात चढवायचं, वाफा भरला की बेल सायफनने ते आपोआप टाकीत उतरतं. भरती-ओहोटीसारखं हे चक्र चालू राहिलं की ओहोटीच्या वेळी खडीत हवा शिरते. गांडूळ कातडीने श्वास घेतं, त्यामुळे वाहत्या, प्राणवायू असलेल्या पाण्यात ते बुडून मरत नाही. साचून कुजलेल्या पाण्यात मरतं. खडीत अडकलेली विष्ठा, मेलेली मुळं, उरलेलं खाद्य ते खातं आणि त्यातली पोषकद्रव्यं मुळांना मिळतात. ते नसेल तर वाफा गाळाने तुंबतो आणि दरवेळी उपसून धुवावा लागतो. म्हणून वाफ्यात गांडूळ हवंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खडीबद्दल घरात मतभेद आहेत. सासरे म्हणतात चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) तुकडे घाला, फुकट मिळतात. पण चिरा ओला राहून झिजतो, त्याची लाल माती सायफनमध्ये बसेल. शिवाय चिऱ्यातलं लोह झाडाला सहज घेता येत नाही, त्यामुळे तोही फायदा नाही. मी क्रशरची २० मिलिमीटरची काळी खडी बघून ठेवली आहे. ती माडाच्या व्हिनेगरमध्ये टाकून पाहिली, बुडबुडे आले नाहीत, म्हणजे तिच्यात चुनखडी नाही.

आता पाणी. आमची विहीर जांभ्यातली, पीएच (आम्लतेचं माप, ७ च्या खाली आम्ल) ६ च्या आसपास आणि पाणी अगदी मृदू. मासे अमोनिया सोडतात, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट भाजी घेते. या रूपांतरात पाण्याची क्षारता (आम्ल झेलायची ताकद) खर्च होते: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी. पीएच ६.५ च्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात. म्हणजे आमच्या विहिरीच्या पाण्यावर हे सगळं हळूहळू आंबट होत बंद पडणार, आणि पावसाचं पाणी शिरलं तर आणखी लवकर. यावर उपाय म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्या स्वच्छ धुऊन, मीठ पूर्ण घालवून, जाळीच्या पिशवीत टाकीत सोडायच्या असं डोक्यात आहे. पाणी आम्ल झालं की त्या विरघळतात, पीएच ७ च्या वर गेला की जवळजवळ थांबतात. १००० लिटरला किती शिंपल्या लागतात आणि किती महिन्यांनी बदलाव्या लागतात, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न खाद्याचा, आणि मला सगळ्यात जास्त अडवणारा हाच आहे. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) २०१४ च्या ॲक्वापोनिक्स मार्गदर्शिकेत पालेभाजीच्या दर चौरस मीटरमागे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य असा हिशेब आहे. ३२ टक्के प्रथिनांचं खाद्य धरलं तर ४५ ग्रॅममधून साधारण १४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. गांडुळात सुक्या वजनाच्या ६० टक्के प्रथिनं असली तरी ताज्या गांडुळात ८० टक्के पाणी असतं. म्हणजे तेवढ्याच प्रथिनांसाठी रोज १२० ग्रॅम ताजी गांडुळं, दोन वाफ्यांना २४० ग्रॅम, महिन्याला सात किलो. आमच्या स्वयंपाकघराच्या आणि गोठ्याच्या कचऱ्यावर एवढी पैदास होईल असं मला वाटत नाही. त्यामुळे वाफ्यातली गांडुळं वेगळी, खाद्यासाठी सावलीत वेगळा खड्डा, आणि जोडीला ॲझोलाची (पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याची) उथळ टाकी असं करावं का? कोणी असं मिश्र खाद्य देऊन मासे वाढवले आहेत का?

गांडूळ कोणतं घ्यावं हेही यातच आलं. आयसेनिया फेटिडा सगळीकडे मिळतं, पण त्याला आमची मार्च-एप्रिलची उष्णता सोसत नाही आणि त्याच्या अंगातला द्रव माशांना आवडत नाही. उकळत्या पाण्यातून काढून द्यावं लागतं. आफ्रिकन गांडूळ उष्णतेत बरं. माझा कल आपल्याकडच्या पेरिओनिक्स एक्सकॅव्हॅटसकडे आहे, ओल त्याला मानवते. पण पावसाळी हवा बदलली की ते झुंडीने बाहेर पडतं, तेव्हा जूनमध्ये वाफाच रिकामा होईल की काय ही धास्ती आहे. कडेने काही बंदोबस्त करता येतो का? एलाच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत चौकशी करणारच आहे. तिथून कोणी गांडुळं आणली असतील तर अनुभव सांगा.

खड्ड्यातून झिरपणारं काळं पाणी थेट टाकीत ओतू नये असं माझं मत आहे. त्यातला सेंद्रिय भाग कुजताना प्राणवायू खातो. ते पातळ करून परसातल्या अळवाला द्यावं. कोणाचा अनुभव वेगळा असेल तर ऐकायला आवडेल.

भर (प्रतिसाद वाचून):

तिलापिया मासा का नाही, असं दोघांनी विचारलं. मोझांबिक तिलापिया आपल्याकडे १९५२ मध्ये आणला गेला आणि १९५९ मध्ये त्यावर बंदी आली. गिफ्ट या तिलापियाच्या सुधारित जातीला परवाना लागतो. आमच्या टाकीचं जास्तीचं पाणी पावसात कुळागराच्या पाटात आणि पुढे ओहोळात जाणार. तिथे तिलापियाची पिल्लं पोचलेली मला चालणार नाहीत. म्हणून कालुंदर (पर्लस्पॉट मासा). तो खाडीचा असला तरी गोड्या पाण्यात जगतो, शेवाळ आणि पाला खातो, आणि इथलाच आहे. वाढ सावकाश होते हे माहीत आहे, आम्हाला घाई नाही. मीठ मात्र अजिबात ठेवता येणार नाही, गांडुळं मरतील. त्यामुळे खाडीतून आणलेली पिल्लं गोड्या पाण्यावर किती दिवसांत आणावीत, हे नेमकं कोणी सांगू शकेल का?

विजेबद्दल: ४० वॅटचा पंप तासातून पंधरा मिनिटं चालवला तर दिवसाला पाव युनिटही होत नाही. खरी अडचण पावसात वीज जाते तेव्हाची. खडीत मोकळी जागा ४० टक्के धरली तर ३०० लिटरच्या वाफ्यात १२० लिटर पाणी मावतं, म्हणजे १५ लिटरच्या आठ बादल्या. तेवढ्या हाताने ओतता येतात, आणि परत पडणाऱ्या पाण्यात हवाही मिसळते. वाफ्यातले जिवाणू आणि गांडुळं ओलाव्यावर तग धरतील, प्राणवायू आधी माशांना कमी पडेल. ३० अंशांच्या पाण्यात तो लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणून १००० लिटरला १० किलोपेक्षा जास्त मासे ठेवायचे नाहीत असं ठरवलं आहे. रात्रभर वीज नसताना एवढे मासे तगले आहेत का कोणाकडे? बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप पुरतो का?

वाफ्यांवर प्लॅस्टिकचं छप्पर घालणार आहे, नाहीतर जुलैचा पाऊस सगळं धुऊन नेईल. खंड्या आणि दिवडांसाठी टाकीवर जुनी मासेमारीची जाळी. पहिलं पीक तांबडी भाजी आणि मुळा. सात शिरांची भेंडी वाफा मुरल्यावर.