तांबड्या आणि चुनखडीच्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) कोणत्या रूपात अडकतो?

प्रश्न:
दोन मातींचे परीक्षण करून घेतले. तांबड्या मातीचा सामू (आम्ल-विम्लता दाखवणारा pH आकडा) 5.3 आहे, तर चुनखडीयुक्त काळ्या मातीचा 8.2. एकूण स्फुरद दोन्हींत जवळपास सारखा असूनही ब्रे पद्धतीने (मातीतला स्फुरद मोजण्याची प्रयोगशाळेतली एक पद्धत) काढलेला उपलब्ध, म्हणजे पिकाला घेता येणारा, स्फुरद दोन्हींत कमीच आला. दोन्हींना सुपर फॉस्फेट दिले जाते. मग दिलेला स्फुरद जातो कुठे?

पहिले उत्तर:
तो बहुतांशी जमिनीतच राहतो, फक्त रूप बदलतो. आम्लधर्मी तांबड्या मातीत लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे त्याला आपल्या पृष्ठभागावर घट्ट धरून ठेवतात आणि काळ जाईल तसा त्यातला काही भाग ऑक्साइडच्या थराखाली इतका गाडला जातो की मुळांना तो मिळणे जवळजवळ अशक्य होते. चुनखडीच्या मातीत हेच काम कॅल्शियम करते. तिथे खताचा दाणा विरघळला की आधी डायकॅल्शियम फॉस्फेट तयार होते, ते बऱ्यापैकी विरघळते. पण पुढे त्यापासून अधिकाधिक अविद्राव्य संयुगे बनत जातात. म्हणून 6 ते 7 सामूच्या दरम्यान स्फुरद सर्वांत सहज मिळतो.

दुसरे उत्तर:
वरील विवेचन योग्य आहे, मात्र सगळे सामूवर सोडू नये. सामू सारखाच असलेल्या दोन मातींपैकी जिच्यात चिकणमाती आणि लोहाची ऑक्साइडे जास्त, ती रेताड मातीपेक्षा कितीतरी अधिक स्फुरद धरून ठेवते. शिवाय स्फुरदाचा मोठा वाटा सेंद्रिय रूपातही असतो आणि तो सूक्ष्मजीवांनी मोकळा केल्याशिवाय पिकाला मिळत नाही. पाणी साचून राहिले, तर लोहाचे क्षपण (ऑक्सिजनअभावी होणारा रासायनिक बदल) होऊन त्याला चिकटलेला स्फुरद सुटतो. भातखाचरात हे स्पष्ट दिसते. मातीच्या द्रावणात स्फुरद फार थोडा असतो आणि जागचा हलतो तो जेमतेम काही मिलिमीटर, त्यामुळे खत मुळांजवळ, ओळीत पेरून देणे दोन्ही मातींत हिताचे.

तिसरे उत्तर:
आपल्या प्रश्नातील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ब्रे पद्धतीचे द्रावण आम्लयुक्त असते आणि मातीतला चुना ते उदासीन करून टाकतो, त्यामुळे काळ्या मातीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी आलेला असू शकतो. अशा मातीसाठी 8.5 सामूच्या सोडियम बायकार्बोनेटची ऑल्सेन पद्धत वापरतात. खताची मात्रा ठरवण्यापूर्वी निदान त्या एका नमुन्याची फेरतपासणी करून घ्यावी.