तातडीने मदत हवी: घराच्या रिपोर्टमधला 'लाईम' म्हणजे काय?

रानवारा: घर बघितलंय, सर्व्हेच्या रिपोर्टमध्ये तीनदा 'लाईम' आलंय. पैसे बाबा घालतायत, ते म्हणतात मराठीत नीट सांग. शब्दकोशात चुना आणि लिंबू एवढंच. घ्यावं का घर? उद्या दुपारपर्यंत कळवायचंय.

गच्चीबाग: दारात लिंबू म्हणजे भाग्यच! कागदी लिंबाला ऊन भरपूर द्या, मुळाशी पाणी साचू देऊ नका.

सिव्हिलवाला: देश कुठला? घर किती जुनं? ती वाक्यं द्या आधी.

रानवारा: इंग्लंड, नॉटिंगहॅमजवळ. १८९० च्या सुमाराचं विटांचं घर. भिंतीच्या दरजा (विटांमधले सांधे) लाईमच्या, पुढून नंतर सिमेंट भरलंय. दारापासून ६ मीटरवर मोठं लाईम. नळांना लाईमस्केल.

शब्दवेडी: ते झाड लिंबाचं नाही. टिलिया, म्हणजे जर्मनांचं लिंडेन. बर्लिनचा 'उंटर डेन लिंडेन' रस्ता त्याच्याच नावाचा. जुन्या इंग्रजीत 'लिंड', त्याचं 'लाईन' आणि पुढे 'लाईम' झालं. फळाचा शब्द अरबी-फारसीकडून आलेला, आपल्या लिंबाचा भाऊबंद. चुन्याचा तिसराच, मूळ अर्थ चिकट पदार्थ. बाबांना लिहा: भिंतीत चुना, दारात लिंडेन, नळावर क्षार. जमलं तर नॉटिंगहॅमशायरमधल्याच क्लंबर पार्कला जा, या झाडांची २ मैलांची दुतर्फा रांग आहे.

मीठमिरची: नळाला व्हिनेगरचं फडकं तासभर गुंडाळा, क्षार निघतो.

सिव्हिलवाला: नळाचं काय घेऊन बसलात! चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती अडवतं. मग थंडीत विटांचे पापुद्रे सुटतात. सिमेंट काढून दरजा चुन्यानेच भरायला हव्यात, तो खर्च किमतीतून कमी करून मागा.

लीड्सकर: मला झाडाची जास्त काळजी वाटते. चिकणमाती असेल तर मुळं पाणी ओढतात, माती आकसते, पाया खचू शकतो. झाड संरक्षित आहे का ते कौन्सिलला विचारा, असेल तर परवानगीशिवाय फांदी छाटणंही गुन्हा. अवांतर: उन्हाळ्यात पानांवर मावा पडतो, चिकटा गाडीवर गळतो. मी ६ वर्षं धुतोय.

रानवारा: पुढच्या खोलीत तडा आहे, ते लिहायचं राहिलं.

सिव्हिलवाला: अहो, हे आधी सांगायचं ना! किती रुंद? झाडाच्या बाजूलाच आहे का? स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघेपर्यंत उद्या हो म्हणू नका.

रानवारा: झाडाच्याच बाजूला. रुंदी लिहिलेली नाही. एजंटला फोन लावतो.

गच्चीबाग: म्हणजे लिंबं नाहीच लागणार?

शब्दवेडी: नाही. पण फुलांचा चहा करतात.