मदत हवी आहे : तज्ज्ञ साक्षीदाराचे मत आणि प्रयोगशाळेचा अहवाल

नमस्कार. मी नागपुरात स्ट्रक्चरल इंजिनिअर असून, येथील जिल्हा न्यायालयात २०२५ साली दाखल झालेल्या एका दिवाणी दाव्यात वादीतर्फे तज्ज्ञ म्हणून साक्ष देणार आहे. वाद स्लॅबच्या काँक्रीटचा आहे. रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारे उपकरण) नोंदी मी स्वतः घेतल्या. कोअर (स्लॅबमधून कापून काढलेले काँक्रीटचे दंडगोल नमुने) मात्र माझ्यासमोर काढून, खुणा करून खासगी प्रयोगशाळेत दिले. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार कोअरची सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या (काँक्रीटच्या ताकदीच्या दर्जाच्या) किमान ८५ टक्के, आणि एकेका कोअरची किमान ७५ टक्के भरावी लागते. इथे एक कोअर ७५ च्या खाली आहे, आणि माझे मत मुख्यतः त्यावरच उभे आहे.

माझ्या साक्षीचे शपथपत्र दाखल झाले आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमातील तज्ज्ञाच्या मताचे कलम ३९ आणि मताच्या आधारांविषयीचे कलम ४५ मी वाचले आहे. वादीचे वकील म्हणतात की अहवाल जोडला आहे, तेवढे पुरे. मला ते पटत नाही, कारण तज्ज्ञाने पक्षकाराला नव्हे, न्यायालयाला मदत करायची असते. स्लॅबची दुरुस्ती झाल्यामुळे नवे कोअर काढणे किंवा त्यासाठी कोर्ट कमिशनर (जागेवरील पाहणीसाठी न्यायालय नेमते ती व्यक्ती) नेमणे आता निरर्थक आहे.

ज्यांनी अशी उलटतपासणी दिली आहे, त्यांना विचारतो : चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञालाही साक्षीला बोलवावे लागते का, आणि न बोलावल्यास केवळ अहवालावर आधारलेले माझे मत टिकते का?