चप्पल निसटली आणि कळलंच नाही

'कॅन्सर मणक्यात उतरला, आता आईची फरफट कशाला' असं वर एका ताईंनी लिहिलंय. ताई, एवढ्यात सोडून देऊ नका.

माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर. पाठ दुखायची, रात्री आडवं झालं की जास्तच. महिनाभर आम्ही मलम चोळत बसलो. मग मे महिन्यात अक्कलकोट रोडवर चालताना डाव्या पायातली चप्पल निसटली. डांबर तापलेलं, तरी त्यांना पत्ताच नाही; तसेच दहा पावलं पुढे गेले. त्याच दिवशी धावायला हवं होतं, आम्ही चार दिवस घालवले.

मणक्यातली कॅन्सरची गाठ आतल्या मज्जारज्जूवर (मेंदूकडून पायांकडे जाणाऱ्या नसांच्या दोरीवर) दाबली की पाय असे बधिर होतात. उपचार सुरू होताना माणूस चालत असेल तर पुढेही चालता राहण्याची आशा मोठी. पाय पूर्ण गेले की परत येणं फार अवघड. म्हणून पाय जड, बधिर वाटले किंवा लघवी अडली तर २४ तासांत एमआरआय करा, आणि तोही पूर्ण मणक्याचा. नुसता कमरेचा काढून भागत नाही. दाब बरेचदा छातीमागच्या मणक्यात असतो. सूज उतरायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्याने साखर वाढते, मधुमेह असेल तर आधीच सांगा. पुढे रेडिएशन. दाब एकाच जागी आणि प्रकृती झेपणारी असेल तर आधी ऑपरेशनचं जरूर विचारा: २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही झालेले ८४ टक्के चालू शकले, नुसतं रेडिएशन झालेले ५७ टक्के. ऑपरेशन झेपणार नसेल तर रेडिएशनचा ८ ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) एकच डोसही अनेकांना पुरतो, रोजच्या खेपा वाचतात.

आईंना पायाची बोटं हलवता येतात का, ते आत्ता बघा. येत असतील तर सकाळची वाट बघू नका.