मदत हवी आहे: ऑफिससाठी ऑल-इन-वन इंकजेट प्रिंटर कोणता घ्यावा?

मंडळी, नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बिलं, डिलिव्हरी चलान आणि पार्टीला दाखवायला डिझाइनचे रंगीत नमुने, सगळं एकाच प्रिंटरवर काढायचंय. कार्ट्रिजवाला परवडत नाही, म्हणून इंक टँकचा (बाटलीतून शाई भरायच्या टाकीवाल्याचा) विचार आहे.

खरी काळजी उन्हाळ्याची. इथं पारा ४० च्या वर, त्यात सुताची बारीक धूळ. थोडे दिवस प्रिंट काढली नाही की नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रं) सुकतात आणि हेड क्लीनिंगमध्येच शाई भरमसाट जाते. यावर काय करता? काळी शाई पिगमेंटची (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची) असलेलाच घ्यावा असं मला वाटतं. ओला हात लागला तरी बिलावरचं अक्षर सहसा पसरत नाही. एडीएफ (स्कॅन-कॉपीसाठी कागद एकेक करून आपोआप आत ओढणारा फीडर) हवाच.

वेस्ट इंक पॅड (क्लीनिंगमध्ये वाया गेलेली शाई शोषणारं पॅड) सोलापुरात कोण बदलून देतं? एपसन, कॅनन, ब्रदर रोज वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.