मदत हवी आहे: जॅझ बेसच्या जुन्या निळ्या रंगाचा कोड

सप्तक_ठाणे
मंडळी, जरा घाई आहे. शनिवारी माझ्या बेस गिटारची बॉडी पुन्हा पेंटरकडे द्यायची आहे. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या जुन्या जॅझ बेस गिटारवर असतो तो निळा रंग हवा होता. पेंटरला फोटो दाखवला, त्याने शेड जुळवून मारली आणि निघाली शेवाळी. तो म्हणतो, फोटोत हाच रंग आहे. आता दुसऱ्यांदा मारायला कोड मागतोय. फेंडरच्या निळ्याचा कोड कुणाकडे असेल तर कृपया लगेच द्या.

पोटमाळा
कोणता निळा? साठच्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरकडे सॉनिक ब्लू, डॅफ्नी ब्लू आणि लेक प्लॅसिड ब्लू असे तीन निळे होते. लेक प्लॅसिडमध्ये धातूची चमक असते, बाकी दोन साधे, दुधाळ. फोटोतला बेस कोणत्या सालचा? फोटो इथे का टाकला नाही?

सप्तक_ठाणे
चमक नाही. बेस 1963 चा आहे असं फोटोखाली लिहिलंय. फोटो मोठा आहे, इथे चढत नाहीये. कोड मिळाला तर काम होईल.

गॅरेजवाला_नाशिक
कोड देतो, कारण हे रंग मुळात गाड्यांचेच. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या कारखान्यात फेंडरवाले ड्यूपॉन्ट कंपनीचे मोटारीचे रंग वापरत आणि अशा खास रंगाला किमतीवर पाच टक्के जास्त घेत. सॉनिक ब्लू म्हणजे 1956 च्या कॅडिलॅकचा, कोड 2295. डॅफ्नी 1958 च्या कॅडिलॅकचा, 2804. लेक प्लॅसिडही 1958 च्या कॅडिलॅकचाच, 2876. सर्फ ग्रीन 1957 च्या शेव्हरोलेचा, शेल पिंक 1956 च्या डिसोटोचा. कोड पेंटरला दाखवा, पण त्याच्या मशीनमध्ये तो निघेल अशी आशा ठेवू नका. ड्यूपॉन्टने गाड्यांच्या रंगांचा धंदा 2013 मध्येच विकला.

ट्रेबल_क्लेफ
सर्वात सुंदर रंग फिएस्टा रेड! 1956 ची फोर्ड थंडरबर्ड! द शॅडोज बँडच्या हँक मार्विनची 1959 ची लाल फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार बघा, इंग्लंडमधल्या पोरांना त्या एका गिटारने वेड लावलं. माझा सल्ला, निळा सोडा, लाल करा.

पोटमाळा
त्यांना निळा हवाय हो.

ट्रेबल_क्लेफ
माहितीसाठी सांगितलं. तो लाल पहिल्यांदा फेंडरमधल्या जॉर्ज फुलर्टनने गावातल्या रंगाच्या दुकानात स्वतः मिसळून घेतला होता, हेही लोकांना कळू दे.

गॅरेजवाला_नाशिक
ही आठवण फुलर्टनने स्वतःच सांगितलेली आहे. पण थंडरबर्डवर तो लाल 1956 पासून होता. दुकानदाराने शून्यातून रंग बनवला असं मला वाटत नाही.

ट्रेबल_क्लेफ
तुम्ही तिथे होतात का?

शंतनू_न्यूजर्सी
मूळ प्रश्नाकडे येऊ या. सप्तक, पेंटरवर रागावू नका, फोटो शेवाळी दिसत असेल तर त्याने बरोबर तेच मारलं. जुन्या रंगावर बरेचदा नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पारदर्शक थर असायचा. तो वर्षानुवर्षं उजेड-हवा खाऊन पिवळा पडतो. पांढऱ्यावर पिवळं चढलं की साय आल्यासारखं दिसतं, म्हणून कित्येक ऑलिम्पिक व्हाइट गिटारी आज क्रीम वाटतात. निळ्यावर पिवळं चढलं की हिरवट. साठ वर्षांचा सॉनिक ब्लू आणि सर्फ ग्रीन फोटोत शेजारी ठेवले तर भले भले चकतात. पारदर्शक थर सगळ्यांवर नसायचा. ज्यावर तो नव्हता तो आजही निळाच दिसतो.
खात्री करायची जागा एकच: पिकगार्डखाली (बॉडीवर स्क्रूने बसवलेली प्लास्टिकची पट्टी) किंवा मान बसते त्या खाचेत. तिथे उजेड पोचत नाही. त्याच बेसचे उघडलेले फोटो आहेत का?

सप्तक_ठाणे
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! अल्बममध्ये आणखी वीसेक फोटो आहेत, आत्ता बघतो.

लाकूडतोड्या
तोवर विचारतो, बॉडीवर पीयू (पॉलियुरेथेन) मारताय की एनसी (नायट्रोसेल्युलोज)? पीयू मारला असेल तर लाकूड घुसमटतं, आवाज मरतो. नायट्रोच मारा.

पोटमाळा
आवाज मरतो याला पुरावा काय? इलेक्ट्रिक बेस आहे, पिकअप तारांचं कंपन पकडतो. साठच्या दशकात नायट्रोच्या खालीही कारखान्यात लाकडाची छिद्रं बुजवणारा जाड सीलर भरलेला असायचा.

लाकूडतोड्या
माझ्याकडे दोन्ही बेस आहेत. हाताला फरक जाणवतो.

पोटमाळा
हाताला जाणवेल, मान्य. मी आवाजाबद्दल बोलतोय.

अण्णा_मिरज
आमच्याकडे फर्निचरवाले 'डुको मारून देतो' म्हणतात ना, तो शब्द याच ड्यूपॉन्टच्या ड्यूकोचा. त्या काळी मोटारीला रंग लावला की वाळायला आठवडे जात. हा लॅकर पटकन वाळायचा, म्हणून गाड्यांना रंगांची चंगळ आली. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तो पहिला आला, 1924 च्या मॉडेलवर, आणि तोही निळाच. आमच्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी फिकट निळी होती. दर दिवाळीला पॉलिश करताना फडक्यावर निळसर डाग उतरायचा. तो वास अजून आठवतो.

गॅरेजवाला_नाशिक
अण्णा, तो डाग म्हणजे रंगच उतरत होता. वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, नसायचा.

सप्तक_ठाणे
सापडला! पिकगार्ड काढलेला फोटो आहे. बाहेर पार हिरवट, आणि पिकगार्डची कड होती तिथे एकदम रेघ मारल्यासारखा फरक. आत फिकट, पांढऱ्याकडे झुकणारा निळा. स्क्रूच्या भोकाभोवती तर अजूनच स्वच्छ.

शंतनू_न्यूजर्सी
मग सॉनिक ब्लू. डॅफ्नी याहून गडद असतो. आता एवढंच ठरवा: 1963 साली कारखान्यातून निघाला तसा हवा, की आज दिसतो तसा? जुना हवा असेल तर निळ्यावर क्लिअरमध्ये किंचित पिवळसर टिंट. निळ्यातच हिरवा मिसळू नका, खोली येत नाही. आणि साठच्या दशकातल्या रंगीत जॅझ बेसवर हेडस्टॉकही (मानेचं खुंट्यांचं टोक) बरेचदा त्याच रंगाचा असे, तेही आत्ताच ठरवा.

गॅरेजवाला_नाशिक
पेंटरला फोटो देऊच नका, मोबाइलचा स्क्रीन रंग बदलतो. लाकडाच्या तुकड्यावर आधी पांढरा अस्तराचा थर, त्यावर दोन-तीन मिश्रणं मारून घ्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. एनसी मारणार असाल तर पावसाळी दिवस टाळा. हवेत ओल असली की पांढरी झाक येते, आणि मग वाळणं मंदावणारा रिटार्डर थिनर घालावा लागतो.

ट्रेबल_क्लेफ
लाल केला असता तर हे काही करावं लागलं नसतं.

सप्तक_ठाणे
मला कारखान्यातून निघालेला, ताजाच हवाय. हेडस्टॉकसकट. पेंटरला फोन करून माफी मागितली, बिचाऱ्याने फोटोशी इमानदारीच केली होती. तीन तुकडे मारून गच्चीत ठेवलेत. मधला मला सगळ्यात जवळचा वाटतो, पण ट्यूबलाइटखाली तो आणि तिसरा एकच दिसतात. उद्या सकाळी नऊच्या उजेडात पुन्हा बघतो. शंतनू, फोटो टाकला तर नजर घालाल का?