चर्चा: क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा) प्रमाण एसक्यूएलमध्येच, म्हणजे या आज्ञांच्या सर्वमान्य भाषेतच लिहायची की हातातल्या डेटाबेसच्या पद्धतीने?

तापीकाठ, रावेर
केळी व्यापाऱ्याचं काट्याचं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेतोय. घडाचं सरासरी वजन काढायला क्वेरीत साधं किलो / घड आहे, दोन्ही कॉलम पूर्णांक. ३७५० किलो, २०० घड. मायएसक्यूएल १८.७५ देतं, पोस्टग्रेस १८. एरर नाही, वॉर्निंग नाही, घडामागे पाऊण किलो गायब! माझं ठाम मत आहे: कुठल्याही इंजिनवर (म्हणजे डेटाबेसवर) तेच उत्तर येईल असंच पहिल्यापासून लिहावं. भागण्याआधी कास्ट करून (आकड्याचा प्रकार बदलून) डेसिमल म्हणजे दशांश, मजकूर जोडायला प्रमाण चिन्हं, बस.

गिरणाकाठ, चाळीसगाव
भाऊ, नाही पटलं. डेटाबेस बदलायची वेळ कितीजणांवर येते? उद्याच्या भीतीने आज आयलाइक (कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा भेद न करता शोधणं) सोडायचं, जेसन मजकुरातून (नाव-किंमत अशा जोड्यांतून) हवी ती किंमत काढणारा ->> सोडायचा? आणि प्रमाण म्हणाल तर मजकूर जोडायला || हे एसक्यूएल-९२ पासून, म्हणजे १९९२ च्या प्रमाणापासून आहे. मायएसक्यूएलमध्ये 'रावेर' || 'सावदा' चालवून बघा, ० येतो. तिथे ते मुळात 'किंवा' आहे. एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस वापरणारे वर्षानुवर्षं + नेच जोडत आले.

तापीकाठ, रावेर
मग मजकूर जोडणारं कॉन्कॅट हे फंक्शन वापरा, ते सगळीकडे आहे.

गिरणाकाठ, चाळीसगाव
आहे, पण वागणं एक नाही. शेतकऱ्याचं मधलं नाव नल (म्हणजे भरलेलंच नाही असं) असेल तर मायएसक्यूएल अख्खं नावच नल करतं, पोस्टग्रेस तेवढं गाळून बाकीचं जोडतं. पावतीवर एकीकडे नाव आहे, एकीकडे नाही.

पांझरेकर, धुळे
तुम्ही दोघं दोन वेगळे प्रकार एकाच पोत्यात भरताय. एका यादीतून दुसरी वजा करायला ओरॅकल या डेटाबेसमध्ये मायनस लिहायचो, त्यासाठीचा प्रमाण शब्द एक्सेप्ट थेट २१सी आवृत्तीत आला; मायएसक्यूएलला तो ८.०.३१ आवृत्तीपासून मिळाला. अशा ठिकाणी क्वेरी अडते, आपण दुरुस्त करतो, संपलं. भीती आहे ती दोन्हीकडे चालणाऱ्या पण अर्थ बदलणाऱ्या चिन्हांची. २ ^ ३ पोस्टग्रेसमध्ये ८, कारण तिथे तो घात. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये १, कारण तिथे ते बिटांचं एक्सऑर (दोन आकड्यांचे ०-१ अंक ताडून वेगळे असतील तिथे १ ठेवणं). सोसायटीच्या चक्रवाढ व्याजात हे शिरलं तर वसुलीपर्यंत कळणार नाही. आयलाइक खुशाल वापरा. पण /, || आणि ^ यांच्यावर इंजिनच्या भरवशाने राहू नका.

गिरणाकाठ, चाळीसगाव
प्रत्येक भागाकाराला कास्ट लावलं तर क्वेरी वाचवत नाही. त्यापेक्षा दोन्ही डेटाबेसवर तोच डेटा चालवा, उत्तरं ताडून बघा.

तापीकाठ, रावेर
कोणता डेटा, हाच तर प्रश्न आहे. ४००० किलो, २०० घड दिले तर दोन्हीकडे २० च येतात आणि चाचणी पास. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब आहे, तिथे मी कास्ट लावणारच.

पांझरेकर, धुळे
दोन्ही करा. कास्ट लावा, आणि चाचणीत भाग न जाणाऱ्या पावत्या मुद्दाम घाला. एक पावती मधल्या नावाशिवायचीही.